रेतमात्रा चांगली, तरी गाय उलटते: दोष शोधायचा कुठे?

नेहमीची तक्रार अशी असते. वळू नामांकित आहे, त्याच्या मुलींच्या दुधाचे आकडे उत्तम आहेत, कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी, वितळवून थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर शुक्राणू पळताना दिसतात, गाईचा बळसही (माजातला चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ होता. तरी एकविसाव्या दिवशी गाय पुन्हा माजावर, म्हणजे उलटली. मग पुढच्या वेळी वळू बदलला जातो, त्याच्या पुढच्या वेळी पुरवठादार, आणि शेवटी गाईवर ठपका ठेवून ती विकायला काढली जाते. या सगळ्यात तपासणी मात्र कुठेच झालेली नसते.

चांगलं वीर्य निवडायचं म्हणजे यादीतून वळू निवडायचा, अशी समजूत असल्यामुळे हे होतं. रेतमात्रेचा, म्हणजे एका वेळी भरायच्या वीर्याचा, दर्जा वळूच्या वृषणात घडतो, प्रयोगशाळेत गोठवताना त्यातला निम्मा जातो आणि उरलेला कांड्या साठवायच्या कंटेनरपासून गाईत वीर्य सोडायच्या गनपर्यंतच्या वाटेवर कुठेही जाऊ शकतो. त्यामुळे नेमका कुठे गेला हे कळल्याशिवाय वळू बदलू नका. खाली जो क्रम दिला आहे त्याच क्रमाने तपासत गेलात तर दोष बहुतेक वेळा अर्ध्या वाटेतच हाती लागतो.

आधी हिशोब

समजा, एखाद्या कळपात एका रेतनाला गाभण राहण्याचं प्रमाण ४० टक्के आहे. जास्त दूध देणाऱ्या गाईंमध्ये हे प्रमाण वाईट म्हणता येणार नाही. म्हणजे सगळं नीट असतानाही शंभरातली साठ रेतनं वाया जाणारच. या हिशोबाने एकाच वळूच्या कांड्यांनी लागोपाठ तीन गाई उलटण्याची शक्यता जवळजवळ २२ टक्के भरते, म्हणजे पाचात एकदा. दहा गाई भरवल्या आणि दोनच किंवा त्याहून कमी गाभण राहिल्या, हेही नुसत्या योगायोगाने सहा वेळांत एकदा घडतं. ‘या वळूच्या चार कांड्या फुकट गेल्या’ एवढ्यावर कुठलाही निष्कर्ष काढता येत नाही.

दोन वळूंमधला ४० आणि ५० टक्के असा फरक खात्रीने दाखवायचा तर प्रत्येकाची काहीशे रेतनं मोजावी लागतात. एका गोठ्यात तेवढी होत नाहीत. म्हणून वळूच्या फलनक्षमतेसाठी अनेक कळपांची नोंद एकत्र करून काढलेला आकडाच धरावा. आपल्या वहीतल्या नोंदीतून कळतं ते वेगळं आणि तितकंच मोलाचं: सगळ्या वळूंचे निकाल एकदम घसरलेत की एकाचेच? सगळ्यांचे घसरले असतील तर दोष कंटेनरमध्ये, वितळवण्यात, रेतन करणाऱ्या हातात, माज ओळखण्यात किंवा गाईंच्या खाण्यापिण्यात आहे. एकाच वळूचे, त्यातही एकाच तारखेच्या कांड्यांचे घसरले असतील, तर मग वळूकडे आणि त्या बॅचकडे वळायचं. पहिली दुरुस्ती वहीतच करावी लागते: प्रत्येक रेतनापुढे वळूचा क्रमांक, कांडीवरची तारीख किंवा बॅच, माज कधी दिसला, कांडी कधी भरली आणि कुणी भरली.

गाय कोणत्या दिवशी उलटली?

हा तपास फुकटचा आहे आणि तरीही सर्वात कमी केला जातो. गाय १८ ते २४ दिवसांत पुन्हा माजावर आली, तर एक तर फलनच झालं नाही किंवा गर्भ पहिल्या पंधरवड्यातच मेला. गर्भ जिवंत आहे हा निरोप गाईच्या शरीराला १६व्या-१७व्या दिवसाच्या सुमारास मिळतो. गर्भाने सोडलेल्या इंटरफेरॉन टाऊ या प्रथिनामुळे अंडाशयावरचा पिवळा पिंड टिकतो आणि माज थांबतो. त्याआधी गर्भ गेला तर गाईला तो राहिल्याचं कळतच नाही आणि चक्र ठरल्या दिवशी पुरं होतं.

गाय २५ ते ३५ दिवसांत, आडवेळी उलटली, तर गर्भ राहिला होता आणि नंतर गेला असं समजायला जागा आहे. इथे कांडीतले शुक्राणू अंड्यापर्यंत पोचले होते. संशय जातो तो शुक्राणूच्या डीएनएवर, संसर्गावर, गाईवरच्या ताणावर किंवा आनुवंशिक दोषावर. ३६ ते ४८ दिवसांनी उलटली तर बहुधा मधला एक माज तुमच्या नजरेतून सुटला. आणि १७ दिवसांच्या आत उलटली तर दोनपैकी एका वेळी गाय खऱ्या माजावरच नव्हती. असे आखूड अंतराचे माज वहीत वारंवार दिसत असतील तर रेतमात्रेचा विचार बाजूला ठेवा आणि आधी माज ओळखण्याची पद्धत सुधारा.

पळणारे शुक्राणू किती सांगतात?

हालचाल ही गरजेची गोष्ट आहे, पुरेशी नाही. साध्या रेतमात्रेच्या कांडीत साधारण दीड ते दोन कोटी शुक्राणू असतात. वितळवल्यावर त्यांतले निम्म्याच्या आसपास हलताना दिसले तर ती कांडी चांगली. नवख्या माणसाला अर्धे मेलेले पाहून धक्का बसतो, पण गोठवण्याची तेवढी किंमत असतेच. १९४९ साली पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी ग्लिसरॉलचा उपयोग दाखवण्याआधी तर गोठवलेल्या वीर्यातून काहीच हाती लागत नसे. ग्लिसरॉल बर्फाच्या कण्यांपासून पेशीला वाचवतं, पण सगळ्यांना नाही.

खरी अडचण अशी की अंड्यापर्यंत पोचून गर्भ उभा करायला शुक्राणूला हालचालीखेरीज बरंच काही लागतं. डोक्यावरची टोपी, म्हणजे ॲक्रोसोम, शाबूत हवी; तीच आधी फुटली तर अंड्याच्या आवरणातून आत जाता येत नाही. बाहेरचं आवरण अखंड हवं. आणि डोक्यातला डीएनए घट्ट, न तुटलेला हवा. शेवटचा दोष सूक्ष्मदर्शकाखाली पोहण्यावरून अजिबात कळत नाही, कारण डीएनए बिघडलेला शुक्राणूही तितक्याच जोमाने पळतो.

अमेरिकन संशोधक सॅके यांनी या दोषांची जी विभागणी केली, ती गोठ्यातल्या माणसालाही उपयोगी पडते. काही दोष संख्येने भरून निघतात. शुक्राणू नीट पोहत नाही, त्याची शेपूट वाकडी आहे, टोपी गेली आहे, म्हणजे तो अंड्यापर्यंत पोचणारच नाही. अशा वळूच्या मात्रेत शुक्राणू वाढवले की निकाल सुधारतो. काही दोष मात्र संख्येने भरून निघत नाहीत. असा शुक्राणू अंड्यापर्यंत पोचतो, आत शिरतो, दुसऱ्याला वाट बंद करतो आणि गर्भ पुढे नेऊ शकत नाही. डोक्यात पोकळ्या असलेले, डोक्याचा आकार किंचित बिघडलेले, डीएनए तुटलेले शुक्राणू या दुसऱ्या गटात मोडतात. कांडीत दोन कोटींऐवजी चार कोटी घातले तरी वाईटाचं प्रमाण तेच राहणार. ‘एका माजाला दोन कांड्या घालून बघू’ या उपायाने काही वळूंच्या बाबतीत फरक पडतो आणि काहींच्या बाबतीत काहीच होत नाही, त्याचं कारण हेच.

कांडीवरची तारीख वाचा

वळू एकच, पण त्याचं वीर्य वर्षभर एकसारखं नसतं. वृषण शरीरापेक्षा काही अंशांनी थंड राहावे लागतात, म्हणूनच ते बाहेर लोंबतात. वळूला ताप आला, लंगडेपणाने तो दिवसचे दिवस बसून राहिला किंवा उकाड्याची लाट आली, की वृषण तापतात. परिणाम लगेच दिसत नाही. वळूमध्ये शुक्राणू घडायला सुमारे ६१ दिवस लागतात आणि तयार शुक्राणू वृषणावरच्या नळीतून पुढे सरकायला आणखी आठ-दहा दिवस. त्यामुळे ताप उतरून वळू चारा खायला लागतो, दिसायला ठणठणीत होतो आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी वीर्यात बिघाड दिसू लागतो. डोकी शेपटीपासून सुटलेली, डोक्यात पोकळ्या पडलेली, डोकी निमुळती झालेली, अशी वेगवेगळी रूपं आठवडे उलटतील तशी समोर येत जातात. सगळं पूर्ववत व्हायला दोन महिन्यांहून जास्त काळ लागतो.

चांगलं केंद्र अशा काळातलं वीर्य तपासून बाद करतं. पण हालचालीची अट पूर्ण करणारी, आकाराने जेमतेम उत्तीर्ण झालेली बॅचही असू शकते. म्हणून एका वळूच्या कांड्या उलटत असतील तर पहिला प्रश्न असा विचारा: त्या सगळ्या एकाच तारखेच्या आहेत का? असतील तर त्याच वळूची दुसऱ्या तारखेची बॅच मागवा आणि शक्य तर दोन तारखांत तीन महिन्यांचं अंतर ठेवा. दुसऱ्या बॅचने गाई गाभण राहू लागल्या तर वळू निर्दोष आहे. कितीतरी चांगले वळू याच एका गोष्टीपायी बदनाम होतात आणि त्यांची आनुवंशिकता कळपातून जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अगदी कोवळ्या वळूच्या पहिल्या काही महिन्यांच्या वीर्याबद्दलही हीच काळजी. त्यात शेपटीच्या मुळाशी थेंब राहिलेले अर्धवट पिकलेले शुक्राणू जास्त असतात. वय वाढेल तसं हे सुधारतं.

कंटेनर: सर्वात जास्त कांड्या इथे मरतात

माझ्या मते शंकेची पहिली जागा हीच. द्रवरूप नायट्रोजनचं तापमान उणे १९६ अंश असतं आणि त्यात बुडालेली कांडी वर्षानुवर्षं टिकते. धोका सुरू होतो तो उणे १३० अंशांच्या वर. तिथे बर्फाचे बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होऊ लागतात आणि शुक्राणूची आवरणं फाडतात. कांडी अजून कडक, पांढरी आणि गोठलेलीच दिसते, त्यामुळे नुकसान झालंय हे डोळ्यांना कळत नाही. परत नायट्रोजनमध्ये बुडवली की तापमान खाली येतं, पण फाटलेलं आवरण शिवलं जात नाही. प्रत्येक वेळी थोडं थोडं नुकसान साठत जातं.

हे घडतं ते कंटेनरच्या मानेत. तळाशी उणे १९६ असलं तरी मानेत वर येईल तसं तापमान झपाट्याने चढतं आणि तोंडापाशी तर कांडीला काही सेकंदच मिळतात. एखादी हवी ती कांडी शोधायची म्हणून कॅनिस्टर (आतला लांब दांड्याचा डबा) पूर्ण वर उचलायचा, गॉब्लेट (त्यातला कांड्यांचा पेला) हातात धरायचा, कांड्यांवरची नावं वाचत बसायचं, पाहिजे ती निघाली की बाकीच्या परत सोडायच्या, असं रोज दोन-तीनदा केलं की महिन्याभरात त्या गॉब्लेटमधल्या सगळ्या कांड्यांचा दर्जा उतरतो. बारीक पाव मिलीची कांडी अर्ध्या मिलीच्या जाड कांडीपेक्षा लवकर तापते, हेही लक्षात ठेवा.

दुरुस्ती सोपी आहे. कोणत्या कॅनिस्टरमध्ये कोणता वळू, हे कंटेनरच्या बाहेर कागदावर लिहून चिकटवा, म्हणजे शोधाशोध आत करावी लागणार नाही. कॅनिस्टर मानेत हिमरेषेच्या (आतून दव जमतं त्या रेषेच्या) खालीच थांबवा, चिमट्याने एकच कांडी उचला. दहा सेकंदांत जमलं नाही तर कॅनिस्टर खाली सोडा, पुरता थंड होऊ द्या आणि पुन्हा प्रयत्न करा. एका कंटेनरमधून दुसऱ्यात कांड्या हलवताना दोन्ही तोंडं शेजारी शेजारी ठेवा आणि सावलीत, वारा नसताना हलवा. माझ्या अनुभवात सगळ्या वळूंचे निकाल एकाच महिन्यात पडले असं जेव्हा दिसतं, तेव्हा नायट्रोजनची पातळी आधी कधीतरी खाली गेलेली असते आणि नंतर कुणीतरी ती गुपचूप भरलेली असते.

पातळी मोजायला लाकडी किंवा प्लास्टिकची भरीव काठी तळापर्यंत बुडवून काही सेकंद ठेवायची, बाहेर काढून हवेत हलवायची. जिथपर्यंत पांढरं दव जमतं तिथपर्यंत नायट्रोजन आहे. पोकळ नळी कधीही वापरू नका, वरच्या तोंडातून नायट्रोजन उसळून डोळ्यात जाऊ शकतो. तारीख टाकून पातळी लिहीत राहिलात तर पातळी नेहमीपेक्षा जलद उतरू लागलेली लगेच कळेल. कंटेनरच्या मानेभोवती किंवा अंगावर बाहेरून दव धरू लागलं तर त्यातली निर्वात पोकळी गेली आहे. तशा कंटेनरमधून कांड्या त्याच दिवशी दुसरीकडे हलवा. आणि बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गाडीत नायट्रोजन ठेवून बसू नका. त्याची वाफ हवेतला प्राणवायू बाजूला सारते आणि माणसाला काही कळायच्या आत शुद्ध जाते.

वितळवताना

गोठवताना जो धोक्याचा पट्टा होता तोच परत ओलांडायचा असतो, आणि तो जितक्या झटपट ओलांडला जाईल तितकं चांगलं. म्हणून ३५ ते ३७ अंशांच्या पाण्यात ३० ते ४५ सेकंद. थर्मामीटर लावून. ‘कोमट पाणी’ हा अंदाज प्रत्येक हाताला वेगळा लागतो. कांडी खिशात ठेवून किंवा तळहातावर चोळून वितळवली तर ती हळूहळू वितळते आणि शुक्राणू त्या पट्ट्यात जास्त वेळ अडकतात. केंद्राने स्वतःची वेगळी सूचना दिली असेल तर तीच पाळा, कारण ती त्यांच्या द्रावणाला धरून असते.

त्यानंतरची चूक वरवर क्षुल्लक दिसते: कांडी पुसलीच जात नाही. कापताना एक थेंब पाणी आत गेलं तर शुक्राणूंच्या भोवतीचं द्रावण पातळ होतं, पाणी पेशीत घुसतं आणि शेपट्या गुंडाळल्या जातात. म्हणून टिश्यूने कांडी पूर्ण कोरडी करा, त्याच वेळी वळूचा क्रमांक वाचून घ्या, सील केलेलं टोक सरळ काटकोनात कापा. गन थंड असेल तर आधी चोळून ऊब द्या. ३७ अंशांवरून शुक्राणू थंड धातूत गेले की त्यांना थंडीचा धक्का बसतो. शीथ (प्लास्टिकचं आवरण) चढवलेली गन कपड्याच्या आत, अंगाशी धरून गाईपर्यंत न्या. उन्हापासूनही जपा. वितळवल्यापासून दहा, फार तर पंधरा मिनिटांत मात्रा गाईत गेली पाहिजे. पाच गाई रांगेत उभ्या आहेत म्हणून पाचही कांड्या एकदम पाण्यात टाकल्या, तर पाचव्या गाईला जे मिळतं ते पहिलीला मिळालं त्याच्या तोडीचं नसतं.

संशयित कांडी तपासायची कशी?

सूक्ष्मदर्शक हाताशी असेल किंवा जवळच्या प्रयोगशाळेत सोय असेल तर ही जोडीची चाचणी करा. तुमच्या कंटेनरमधली एक कांडी आणि त्याच वळूची, त्याच बॅचची पण दुसऱ्याच्या कंटेनरमध्ये राहिलेली एक कांडी घ्या. दोन्ही एकाच पाण्यात, एकाच वेळेला वितळवा. काचपट्टी आणि वरची पातळ काच ३७ अंशांवर तापवून घ्या. थंड काचेवर उत्तम शुक्राणूही मंद दिसतात आणि उगाच वळूला नापास केलं जातं.

छोटासा थेंब, वर काच आणि २०० ते ४०० पट मोठं करून पाहा. सरळ रेषेत पुढे जाणारे किती, जागच्या जागी थरथरणारे किती, गोल गोल फिरणारे किती, हे वेगवेगळं लिहा. शेपटी वळलेले आणि उलट्या दिशेने सरकणारे बरेच दिसले तर थंडीचा धक्का आठवा. शेपट्यांचे वेटोळे दिसले तर पाणी. मग उरलेलं वीर्य झाकणाच्या छोट्या नळीत ३७ अंशांवरच ठेवून द्या आणि एका तासाने, पुन्हा दोन तासांनी थेंब पाहा. पहिल्या पाहणीत दोन्ही कांड्या सारख्याच वाटल्या आणि दोन तासांनी एकीत जेमतेम हालचाल उरली, तर त्या कांडीतल्या शुक्राणूंची आवरणं आधीच दुबळी होती. गाईच्या पोटातही त्यांना काही तास थांबायचं असतं, त्यामुळे ही दुसरी पाहणी पहिलीपेक्षा जास्त बोलकी असते.

आता ताळा लावा. दोन्ही कांड्या वाईट निघाल्या तर दोष बॅचचा. तुमचीच वाईट निघाली तर दोष तुमच्या कंटेनरचा. दोन्ही चांगल्या टिकल्या आणि तरी गाई उलटतात, तर पुढे सरका. प्रयोगशाळेत आणखी दोन साध्या चाचण्या मिळतात. इओसिन-निग्रोसिन रंगात मेलेले शुक्राणू गुलाबी होतात, जिवंत पांढरे राहतात. दुसरीत शुक्राणू मुद्दाम पातळ द्रावणात ठेवतात. ज्यांचं आवरण शाबूत आहे त्यांच्याच शेपट्या फुगून वळतात. डीएनएची तपासणी मात्र फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी लेझरने तपासणारं यंत्र) असलेल्या मोठ्या प्रयोगशाळेचं काम आहे.

वेळ चुकली तर उत्तम वीर्यही हरतं

माज सुरू झाल्यापासून, म्हणजे गाय दुसरीला अंगावर घेऊन शांत उभी राहू लागल्यापासून, साधारण २८ तासांनी अंडं सुटतं. अंडं काही तासच कामाचं असतं. गोठवलेला शुक्राणू गाईच्या पोटात जवळपास दिवसभर टिकतो, पण फलनासाठी तयार व्हायला त्याला काही तास लागतात. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा नियम १९४०च्या दशकात नेब्रास्कात ट्रिंबर्गर यांनी केलेल्या कामातून आला आणि अजूनही टिकून आहे. फार लवकर भरवली तर शुक्राणू म्हातारे होतात, फार उशिरा भरवली तर अंडं. दुबळ्या वीर्याला वेळेची चूक जास्त भोवते.

मात्रा सोडायची ती गर्भाशयाच्या मुखाची शेवटची कडी ओलांडताच, गर्भाशयाच्या आखूड मध्यभागात, हळूहळू. गन पुढे ढकलली तर सगळं गर्भाशयाच्या एकाच शिंगात (फाट्यात) जातं; मुखातच सोडलं तर बरंचसं बळसाबरोबर बाहेर येतं. निकाल रेतन करणाऱ्या माणसानुसार बदलताना वहीत दिसले तर त्याला पुन्हा प्रशिक्षण द्यावं. यात कमीपणा वाटायचं कारण नाही, हाताची सवय बिघडते हे सगळ्यांनाच होतं.

पुढची कांडी निवडताना

आता वळूच्या यादीकडे. दुधाचा, फॅटचा, कासेचा आकडा हा त्याच्या मुलींबद्दल आहे. त्याच्या वीर्याने गाय राहते का, याच्याशी त्याचा संबंध नाही. यासाठी यादीत वेगळा रकाना असतो: सरासरीच्या तुलनेत गर्भधारणा किती टक्के वर किंवा खाली. तो आकडा आणि त्याची विश्वासार्हता दोन्ही पाहा. उणे तीन असलेला वळू मी उलटणाऱ्या गाईला कधीच घालणार नाही, दुधाचा आकडा कितीही मोठा असो. ‘मुलींची गर्भधारणा’ हा रकाना पुन्हा वेगळा आहे. नावं सारखी वाटतात, गोंधळ करू नका.

नैसर्गिक सेवेसाठी वळू ठेवणार असाल तर अमेरिकेतल्या थेरिओजेनॉलॉजी (पशुप्रजनन) सोसायटीचे निकष चांगला आधार देतात: १५ महिन्यांपर्यंतच्या वळूच्या वृषणकोशाचा घेर निदान ३० सेंटिमीटर आणि दोन वर्षांवर ३४, पुढे जाणारे शुक्राणू निदान ३० टक्के, आकाराने निर्दोष निदान ७० टक्के. शिवाय ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टर या समागमातून पसरणाऱ्या जंतूंची तपासणी. या दोन्हींनी वळूला काहीच होत नाही आणि गाई मात्र आडवेळी उलटत राहतात. कांड्याही तपासणी केलेल्या वळूंच्या, मान्यताप्राप्त केंद्राच्याच घ्या.

आडवेळी उलटण्याचं आणखी एक कारण यादीतच सापडतं. पॉनी फार्म आर्लिंडा चीफ हा १९६२ साली जन्मलेला होल्स्टिन वळू. त्याच्या सोळा हजार मुली झाल्या, दुधाची आनुवंशिकता जगभर पसरली आणि तिच्याबरोबर एका जनुकातला दोषही. गाय आणि वळू दोघेही त्या दोषाचे वाहक असले तर चारातला एक गर्भ पोटातच मरतो. या एका दोषापायी जगभरात पाच लाखांहून जास्त गर्भपात झाले असा अंदाज २०१६ साली प्रसिद्ध झाला. आज जनुकीय चाचणीने वाहक ओळखता येतो आणि यादीत तसा उल्लेख असतो. वाहक वळू वापरू नये असं मी म्हणणार नाही, पण वाहकाच्या मुलीला वाहक वळू घालू नका. त्यासाठी गाईच्या बापाचं नाव वहीत हवं.

लिंगनिश्चित मात्रेबद्दल, म्हणजे कालवडच व्हावी म्हणून शुक्राणू निवडलेल्या मात्रेबद्दल, वेगळं सांगायला हवं, कारण ‘महागडी कांडी फुकट गेली’ ही तक्रार बहुधा तिच्याबद्दलच असते. वळूच्या एक्स (कालवड देणाऱ्या) शुक्राणूत वाय (गोऱ्हा देणाऱ्या) शुक्राणूपेक्षा सुमारे ३.८ टक्के जास्त डीएनए असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्रात लॉरेन्स जॉन्सन यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी हा फरक रंगवून, लेझरने मोजून शुक्राणू वेगळे करायची पद्धत बसवली. त्यातून सुमारे ९० टक्के कालवडी मिळतात. पण रंग, लेझर, दाब आणि वेग यांतून गेलेला शुक्राणू थकलेला असतो, आणि कांडीत असतात २० ते ४० लाख, साध्या कांडीच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्याइतके. म्हणून साधी कांडी जी ढिलाई खपवून घेते ती इथे चालत नाही. ही मात्रा निरोगी, वजनाने भरलेल्या कालवडींना, माज डोळ्यांनी पाहिलेला असताना, नेहमीपेक्षा काही तास उशिरा भरा. दोनदा उलटलेल्या गाईला ती देऊच नका. त्या गाईला साधी मात्रा द्या, गर्भधारणेचा आकडा वरचा असलेल्या वळूची.

बॅचच खराब ठरली तर केंद्राला कळवताना वळूचा क्रमांक, बॅच, किती गाईंना भरली, किती उलटल्या आणि कोणत्या दिवशी, तसंच जोडीच्या चाचणीचा निकाल एकत्र द्या. केंद्रं प्रत्येक बॅचचे नमुने राखून ठेवतात. अशी नोंद समोर आली की त्यांना तो नमुना काढून पडताळता येतो. आणि नायट्रोजन संपलेल्या कंटेनरमधल्या कांड्या कितीही मोलाच्या असल्या तरी चाचणी झाल्याशिवाय गाईला भरू नका. चाचणीत गेल्या तर टाकून द्या.